फणसाच्या जाती व संकर

(सं. पनस, हिं. कटहल, बं. काँठाल, क. हलसू, त. पला, मल. चक्क, कों. पणस). वट कुलातील या सदापर्णी वृक्षाचे शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हेटेरोफायलस असे आहे. त्याचे मूलस्थान भारताच्या पश्चिम घाटातील वर्षावने हे मानले जाते. भारतात केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, कोकण व गोवा तसेच आसाम, पश्चिम बंगाल, बिहार इ. प्रदेशांत, आणि भारताबाहेर बांगला देश, श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, फिलिपीन्स वगैरे उष्ण देशांत त्याची लागवड होते. बांगला देशाचे ते राष्ट्रीय फळ असून केरळ शासनाने २०१८ साली त्यास राज्यफळाचा दर्जा दिला. नीरफणस (विलायती फणस) व पातफणस (रानफणस) हे त्याच प्रजातीतील, परंतु भिन्न जातींचे वृक्ष होत. [⟶ नीरफणस].

कोकणात परसातील फणसाचे झाड बहुधा कोणीतरी खाऊन टाकलेल्या किंवा मुद्दाम पुरलेल्या आठळीपासून झालेले असते. अशा झाडाचे फळ कोणत्या प्रकारचे निघेल, हे ते प्रथम फळेपर्यंत, म्हणजे सु. सात ते आठ वर्षे, निश्चित सांगता येत नाही. तोवर जागा अडलेली असते, निगेचे श्रम झालेले असतात आणि फळ नापसंत ठरल्यास ते सर्व वाया जाते. म्हणून फणसाच्या जातींचा विचार करताना ‘कोणती जात चांगली’ या प्रश्नाइतकाच ‘ती जात रोपात खात्रीने कशी उतरेल’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

फुलोरा, फळ व विविधतेचे कारण : फणसाचे फुलोरे खोडावर व जाड फांद्यांवर येतात. नर-फुले व स्त्री-फुले एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या फुलोऱ्यांत असतात. नर-फुलोरे लहान असून परागकण सांडल्यानंतर काळे पडून गळून जातात. स्त्री-फुलोरे जाड देठावर येतात व त्यांचीच फळे होतात. फणस हे संयुक्त फळ आहे. एका फुलोऱ्यातील असंख्य फुले एकत्र वाढून ते बनते. गरा म्हणजे फलित फुलाचे मांसल झालेले परिदल होय. त्याच्या आत एक आठळी असते. फलित न झालेल्या फुलांची तंतुमय पाती गऱ्यांच्या मधे राहतात. परागण अपुरे झाल्यास गरे कमी भरतात व फळ वेडेवाकडे होते.

परागण वारा व लहान कीटक यांच्यामार्फत होते. नर-फुलोऱ्यावर वाढणारी बुरशी, त्या बुरशीवर उपजीविका करणारी एक सूक्ष्म माशी व फणस यांचे परस्परसाहाय्य अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात केलेल्या संशोधनातून २०१८ साली पुढे आले. एकाच झाडावरील नर व स्त्री फुलोरे बहुधा एकाच वेळी पक्व होत नसल्यामुळे परपरागण मोठ्या प्रमाणावर होते. शिवाय फणस चतुर्गुणित (५६ गुणसूत्रे असलेला) असल्यामुळे संततीत गुणांची फेरजुळणी अनेक प्रकारे होते. परिणामी एकाच फळातील आठळ्यांपासून झालेली झाडे फळांचा आकार, गऱ्यांचा रंग, गोडी, हंगाम व घट्टपणा यांबाबत एकमेकांहून व मातृवृक्षाहून भिन्न निघतात. कापा फणसाच्या आठळीपासून बरका फणस निपजणे ही कोकणातील नित्याची गोष्ट आहे. फळाचे वजनही दोन किग्रॅ. पासून चाळीस किग्रॅ. पर्यंत असू शकते. २०१६ साली पुण्यात नोंदविलेल्या विक्रमी फळाचे वजन ४२·७२ किग्रॅ. भरले होते.

मुख्य प्रकार : गऱ्यांच्या पोतावरून फणसाचे दोन प्रकार सर्वत्र मानतात. कोकणात त्यांना कापा व बरका, गोव्यात कापो व रसाळ, तर केरळात वरिक्क व कूळ म्हणतात. या फळाचे प्रकार वेगळे ओळखण्याची परंपरा जुनी आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आपल्या वृत्तांतात शकी व बरकी अशा दोन नावांनी फणसाचा उल्लेख केला असून जमिनीलगत येणारे फळ अधिक गोड असते असे म्हटले आहे. गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथातही फणसाचे वर्णन आहे.

कापा फणसाचे गरे घट्ट, कुरकुरीत, सुटे व कमी तंतुमय असतात. फळ पिकल्यावरही साल टणक राहते व ते कोयत्याने कापावे लागते. नुसते खाण्यास, तळण्यास, हवाबंद डब्यांत भरण्यास व दूरच्या बाजारात पाठविण्यास हा प्रकार सोयीचा असल्यामुळे त्यास भाव अधिक मिळतो. बरक्या फणसाचे गरे मऊ, रसाळ, बुळबुळीत व धागेदार असतात. पूर्ण पिकलेले फळ हातानेही उकलता येते. त्याच्या रसापासून सांदणे व फणसपोळी (साठ) करतात. या पदार्थांस कापा चालत नाही. त्यामुळे बरका हा हलका प्रकार आहे असे म्हणणे योग्य नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे, एवढेच. मात्र तो टिकत नाही व बाजारात त्यास मागणी कमी असते. झाडाची पाने, साल अथवा कोवळी फळे यांवरून हे दोन प्रकार खात्रीने ओळखता येत नाहीत.

भारतातील निवड जाती : आज नावाने ओळखल्या जाणाऱ्या फणसाच्या बहुतेक सर्व जाती ‘निवड’ या पद्धतीने मिळालेल्या आहेत. आठळीपासून वाढलेल्या हजारो झाडांतून एखादे उत्तम झाड हेरावयाचे, काही वर्षे त्याच्या फळांची नोंद ठेवावयाची व नंतर त्याची कलमे करून ती नाव देऊन प्रसारित करावयाची, असा तिचा क्रम असतो.

कोकणासाठी दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही कापा प्रकारची, भरपूर फळे देणारी जात प्रसारित केली आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने पनरुटी परिसरातील एका स्थानिक झाडापासून निवडलेली ‘पालूर-१’ ही जात १९९२ साली व कन्याकुमारी जिल्ह्यातील झाडापासून निवडलेली ‘पेचिपारै-१’ ही जात १९९६ साली प्रसारित केली. या दोन्ही जाती मुख्य हंगामाखेरीज वर्षाच्या उत्तरार्धातही फळे देतात. केरळातील ‘मुट्टम वरिक्क’ ही मध्यम आकाराच्या (सु. ७ किग्रॅ.) फळांची, घट्ट गऱ्यांची जात प्रसिद्ध आहे. ‘सिंदूर’ ही त्याच राज्यातील निवड तिच्या नारिंगी-लाल गऱ्यांमुळे ओळखली जाते. पूर्व भारतात ‘खाजा’, गुलाबासारख्या वासाची ‘गुलाबी’, चाफ्यासारख्या वासाची ‘चंपा’ व असंख्य लहान फळे देणारी ‘हजारी’ ही नावे रूढ आहेत. ‘रुद्राक्षी’ची फळे लहान व कमी काटेरी असतात, गऱ्यांची प्रत बेताची असल्याने तिचा उपयोग मुख्यतः कलमांचा खुंट म्हणून सांगितला जातो.

कर्नाटकातील ‘सिद्दू’ या जातीचा इतिहास बोधप्रद आहे. टुमकूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या शेतात सु. ३५ वर्षे वयाचे एक झाड होते. त्याची फळे जेमतेम अडीच किग्रॅ. वजनाची, पण गरे तांबूस लाल, घट्ट व अतिशय गोड होती. बंगलोर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने त्याचे परीक्षण केले, शेतकऱ्याच्या वडिलांच्या नावावरून जातीस नाव दिले आणि २०१७ साली त्या कुटुंबाशी करार करून कलमांच्या विक्रीतील मोठा वाटा त्यास मिळेल अशी व्यवस्था केली. लाकडासाठी अथवा रस्त्यासाठी ते झाड आधीच तोडले गेले असते, तर ही जात कोणास माहीतही झाली नसती.

परदेशी जाती : ‘सिंगापूर’ किंवा ‘सिलोन’ या नावाने ओळखली जाणारी जात श्रीलंकेतून दक्षिण भारतात आली व १९४९ च्या सुमारास तिची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. आठळीपासून लावलेली तिची झाडेही दोन ते तीन वर्षांत फळू लागतात, हे तिचे वैशिष्ट्य होय. फळ मध्यम, गरे लहान व धागेदार पण गोड असतात. अलीकडे ‘व्हिएतनाम सुपर अर्ली’ या नावाची कलमे भारतातील रोपवाटिकांत सर्वत्र दिसतात. लागवडीपासून दीड-दोन वर्षांत त्यांना फळे धरतात व झाड लहान असतानाच उत्पन्न सुरू होते. मलेशियात निवडींना ‘जे’ या अक्षरापुढे क्रमांक देऊन त्यांची नोंद करतात. त्यांपैकी ‘जे-३१’ची फळे मोठी (सु. १२ किग्रॅ.) असतात, तर ‘जे-३३’ पिवळ्या गऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. थायलंडमधील ‘डांग रसिमी’ ही जात जोमदार वाढणारी असून तिचे फळ सु. ८ किग्रॅ. वजनाचे असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील ‘गोल्डन नगेट’चे फळ सु. ३ किग्रॅ. वजनाचे, म्हणजे लहान कुटुंबास पुरेसे असते.

या जातींचे मूळ प्रदेश बहुधा वर्षभर दमट हवामानाचे आहेत. कोकणात पावसाळा संपल्यावर सात-आठ महिने जमीन कोरडी पडते. त्यामुळे पाण्याची सोय नसताना या कलमांकडून मूळ देशातील उत्पन्नाची अपेक्षा करणे चुकीचे ठरते. स्थानिक निवडींची मुळे व वाढीची लय येथील ऋतुमानाशी जुळलेली असते, हा त्यांचा मोठा गुण आहे.

संकर : रोपवाटिकांत कोणत्याही कलमी फणसास ‘हायब्रीड’ म्हणण्याची प्रथा आढळते, परंतु ती बरोबर नाही. दोन निवडक झाडांमध्ये हेतुपूर्वक परागण घडवून आणून मिळविलेली संतती म्हणजे संकरज होय. अशा अर्थाने फणसाचे संकरज फारच थोडे आहेत. एका पिढीस लागणारी सात-आठ वर्षे, प्रत्येक झाडास लागणारी विस्तृत जागा व संततीतील अफाट विविधता ही त्याची कारणे होत. शंभर संकरज रोपे तपासावयाची म्हटली, तरी सु. एक हेक्टर जमीन दशकभर गुंतून पडते. तमिळनाडूत ‘सिंगापूर’चा लवकर फळण्याचा गुण व ‘वेलिपाला’ची फळांची प्रत एकत्र आणण्यासाठी त्या दोन जातींच्या संकराचे प्रयत्न झाले आहेत.

दुसऱ्या प्रकारचा संकर फणस व चंपेडक (आर्टोकार्पस इंटिजर) यांच्यातील आहे. चंपेडक हा मलाया द्वीपसमूहातील फणसाचा निकटचा आप्त असून त्याची फळे लहान, साल पातळ व वास फार उग्र असतो. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर तपकिरी केस असतात. फणसाच्या फांद्या गुळगुळीत असतात. क्वीन्सलँडमध्ये निसर्गतः उद्‌भवलेला ‘चीना’ हा या दोहोंचा संकरज मानला जातो. त्याचे झाड बुटके व पसरट, फळ लांबट व सु. २·४ किग्रॅ. वजनाचे, गरे गडद नारिंगी, मऊ व सुवासिक असतात. छाटणीने त्याची उंची दोन-तीन मीटरपर्यंत राखता येते. लहान परसास हा गुण मोलाचा असला, तरी कापा फणसाच्या कुरकुरीत गऱ्यांची सवय असणाऱ्यास त्याचा पोत रुचेलच असे नाही.

अभिवृद्धी : आठळी वाळली की तिची उगवणशक्ती लवकर नष्ट होते, म्हणून ती फळातून काढल्यावर ताजीच लावावी लागते. सोटमूळ नाजूक असल्यामुळे रोप उपटून लावल्यास बहुधा दगावते. यासाठी आठळी कायमच्या जागी किंवा पिशवीत पेरतात. जातीचे गुण टिकवावयाचे असल्यास मात्र शाकीय अभिवृद्धीच करावी लागते. पूर्वी भेट कलमाची पद्धत रूढ होती. आता मृदुकाष्ठ कलम अधिक प्रमाणात करतात. त्यासाठी निवडलेल्या झाडाच्या शेंड्याकडील तीन-चार महिने वयाची, फुगीर डोळ्याची काडी घेऊन ती पिशवीतील कोवळ्या रोपावर पाचर पद्धतीने बसवितात व पट्टीने घट्ट बांधतात. काडीची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापतात. कापातून वाहणारा चीक पुसून घेणे व जोड झाल्यानंतर हवा दमट राखणे आवश्यक असते. खुंटाला जोडाच्या खाली फुटणारे धुमारे वेळोवेळी काढले नाहीत, तर कलम मरून खुंटाचेच झाड वाढते आणि लावणाऱ्यास ते काही वर्षे कळतही नाही. कलम विकत घेताना जोडाची जागा स्पष्ट दिसते ना, हे पाहून घेणे इष्ट असते. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळू लागते. [⟶ कलमे].

घरगुती बागेसाठी निवड : जात निवडताना पुढील गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. (१) फळाचे आकारमान : वीस किग्रॅ. चा फणस एकत्र कुटुंबास शोभतो. चार माणसांच्या घरी तो फोडल्यावर निम्मा वाया जातो. अशा घरास दोन ते सात किग्रॅ. फळांची जात सोयीची असते. (२) उपयोग : गरे खाणे व तळणे हा मुख्य हेतू असल्यास कापा, सांदणे व साठे करावयाची असल्यास बरका निवडावा. भाजीसाठी कोवळी फळे (कुयऱ्या) दोहोंचीही चालतात. (३) हंगाम : कोकणात मुख्य हंगाम एप्रिल ते जून असतो. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पिकणारे फणस पाणचट होतात व लवकर सडतात. त्यामुळे लवकर पिकणाऱ्या झाडास येथे विशेष महत्त्व आहे. (४) जागा : आठळीपासून वाढलेले झाड १५ मी. अथवा त्याहून उंच होते. घर, विहीर व विजेच्या तारा यांजवळ ते लावू नये. (५) मातृवृक्षाची खात्री : गावातील ज्या झाडाचे फळ सलग तीन-चार वर्षे चाखलेले आहे, त्याचे कलम हे अनोळखी नावाच्या महागड्या कलमापेक्षा पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

एकाच झाडास जागा असल्यास स्थानिक हवामानात पारखलेला कापा लावणे सुरक्षित असते. तीन झाडांस जागा असल्यास एक कापा, एक बरका व एक दोन बहर देणारी जात अशी विभागणी केल्याने फळे एकाच पंधरवड्यात येऊन पडत नाहीत. शिवाय परपरागणासही मदत होते.

लागवड व निगा : फणसास उष्ण व दमट हवामान आणि खोल, निचऱ्याची जमीन मानवते. कोकणातील जांभ्या जमिनीत तो चांगला वाढतो. मात्र मुळांशी पाणी साचून राहिल्यास झाड थोड्याच दिवसांत मरते. पावसाळ्याच्या सुरुवातीस १ मी. लांब, रुंद व खोल खड्डा पोयटा व शेणखत यांनी भरून त्यात कलम लावतात. दोन कलमांत सु. ८ मी., तर आठळीपासून वाढविलेल्या झाडांत १० ते १२ मी. अंतर ठेवतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. लवकर फळणाऱ्या जातींना पहिल्या दोन वर्षांत धरलेली फळे काढून टाकावीत. अन्यथा झाडाची वाढ खुंटते. घरगुती बागेत मुख्य शेंडा छाटून झाडाची उंची चार मीटरच्या आसपास राखली, तर फळे काढणे सोपे जाते. छाटणीच्या वेळी खोडावरील फळांचे जुने देठखुंट मुळापासून तासू नयेत. त्यांच्याच आसपास पुढील वर्षी फुलोरे येतात. एका देठावर अनेक फळे धरल्यास एक-दोन ठेवून बाकीची भाजीसाठी काढावीत.

रोग व कीड : रायझोपस आर्टोकार्पी या कवकामुळे (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित सजीवामुळे) कोवळी फळे कुजून गळतात. रोगट फळे वेचून नष्ट करणे व १ टक्का बोर्डो मिश्रण फवारणे हे उपाय आहेत. नर-फुलोरे काळे पडून गळणे हा मात्र रोग नव्हे. ते स्वाभाविक असून त्यावर फवारणी करणे व्यर्थ होय. फळ पोखरणारी अळी, साल खाणारी अळी व पिठ्या ढेकूण या प्रमुख किडी होत. फळे पिशव्यांनी झाकल्यास अळीचा उपद्रव कमी होतो.

काढणी व उपयोग : फळावरील काटे बोथट व विरळ होणे, सालीचा हिरवा रंग पिवळसर होणे, टिचकी मारल्यास पोकळ आवाज येणे व वास सुटणे ही पक्वतेची चिन्हे होत. पिकलेल्या गऱ्यांत पाणी सु. ७६, कार्बोहायड्रेटे सु. २० व प्रथिने सु. २ टक्के असतात. आठळ्यांत प्रथिने सु. ६·५ टक्के असून त्या उकडून, भाजून अथवा भाजीत घालून खातात. सालीचा व पातींचा उरलेला भाग (चारखंड) गुरांना घालतात. लाकूड पिवळे, टिकाऊ असून घरबांधणी, सजावटी सामान व वाद्ये यांसाठी वापरतात.

लाकडाची ही किंमतच उत्तम फणसांच्या नाशाचे एक मोठे कारण ठरली आहे. आठळीपासून वाढलेले प्रत्येक झाड ही स्वतंत्र, पुन्हा न होणारी जात असते; ते तोडले की तिचे गुण कायमचे नाहीसे होतात आणि त्याच्या आठळ्यांपासून ते परत मिळत नाहीत. म्हणून गावात नावाजलेले झाड जुने झाले असेल, घर अथवा रस्ता यांच्या आड येत असेल, तर कुऱ्हाड लावण्यापूर्वी त्याच्या काड्या घेऊन दोन-चार कलमे बांधून ठेवणे, हा त्याच्या संरक्षणाचा सर्वांत सुलभ व अल्प खर्चाचा उपाय होय.